तालुक्याच्या बाजारगावाचा इतिहास कसा लिहावा: थोडं काम मुंबईत, बरंचसं पेठेत

लालबाग-परळपासून घाटकोपर-विक्रोळीपर्यंत मुंबईत ग्रामस्थ मंडळं पसरलेली आहेत. कुठल्या ना कुठल्या मंडळाची स्मरणिका दरवर्षी निघते आणि 'आपल्या गावाचा इतिहास' हा लेख बहुतेक वेळा बँकेत किंवा शाळेत नोकरी केलेल्या एखाद्या सभासदाच्या गळ्यात पडतो. गाव लहान असेल तर ग्रामदैवत, पाटलाचं घराणं आणि शाळेची इमारत एवढ्यावर भागून जातं. पण गावात आठवडी बाजार, मार्केट यार्ड, एस.टी. डेपो, कोर्ट, रजिस्टर ऑफिस आणि खता-बियाण्यांची दहा-पंधरा दुकानं असतील तर हा साचा तोकडा पडतो. अशा गावाचं पोट स्वतःच्या शेतीवर कमी आणि आसपासच्या चाळीस-पन्नास खेड्यांवर जास्त चालतं. म्हणून त्याचा इतिहास हा मुळात त्याच्या गिऱ्हाइकांचा इतिहास असतो: कोण यायचं, कुठून यायचं, कशासाठी यायचं आणि यायचं का थांबलं. पुढची सगळी कामं या चार प्रश्नांसाठी आहेत. देवळाचा काळ आणि वेशीवरचा शिलालेख हवाच, पण तो एका पानात आटपतो.

आधी हद्द आखा

गावठाणाची नव्हे, बाजाराची हद्द. तालुक्याचा नकाशा घ्या, बाजारगावावर टिंब द्या आणि बाजाराच्या दिवशी जिथून माणसं येतात ती खेडी त्याला रेघांनी जोडा. बैलगाडी भरली की ताशी तीन-साडेतीन किलोमीटर चालते. पहाटे निघून, माल विकून, मीठ-मिरची घेऊन रात्रीच्या आत घरी पोचायचं तर बारा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडचा माणूस सहसा त्याच दिवशी परत जात नसे. जुन्या बाजारगावांमधली अंतरं पाहिली तर हे गणित बऱ्याच ठिकाणी जुळतं. जिथं जुळत नाही तिथं घाट, नदी किंवा जुन्या संस्थानाची हद्द आडवी आलेली असते. ती कुठली ते शोधा, लेखाचा एक परिच्छेद तिथंच मिळतो.

मग शेजारच्या सगळ्या बाजारांचे वार मांडा. एका पट्ट्यातले वार शक्यतो एकमेकांवर येत नाहीत, कारण कापडवाला, भांडीवाला, मसालेवाला हे फिरते व्यापारी आठवडाभर एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जात असतात. दोन शेजारी गावांचा वार एकच असेल तर त्यातला एक बाजार तरी नंतर सुरू झालेला असतो, नाहीतर मुद्दाम चढाओढीने भरवलेला असतो. वार कधी बदलला का, हेही विचारा. ग्रामपंचायतीत त्याचा ठराव सापडू शकतो.

इथं एक फसवा आकडा आडवा येतो. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे नगरपालिका वगैरे नसलेलं गाव 'शहर' ठरायला किमान ५,००० वस्ती, पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी ७५ टक्के बिगरशेती कामात आणि दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं लागतात. गावाच्या शिवारात वाड्या आणि शेतजमीन मोठी असली की भरभक्कम बाजारगावसुद्धा कागदावर खेडंच राहतं. तेव्हा जनगणनेत आपलं गाव ग्रामीण यादीत दिसलं म्हणून 'तेव्हा हे लहान खेडं होतं' असं लिहून टाकू नका.

मुंबईत काय मिळतं

पहिलं पुस्तक गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे जिल्हावार खंड निघाले: खानदेश आणि रत्नागिरी १८८० मध्ये, ठाणे १८८२, नाशिक १८८३, अहमदनगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. लोक शेवटचं 'स्थळं' हे प्रकरण उघडतात, गावावरच्या दहा ओळी उतरवतात आणि पुस्तक मिटतात. खरा माल 'व्यापार' आणि 'भांडवल' या प्रकरणांत असतो. रस्ते, टोलनाके, तांड्यांचे मार्ग, कुठल्या पेठेत कुठला माल येतो हे व्यापारात सापडतं. सावकारी, व्याजाचे दर, मजुरी आणि भाव भांडवलात. जातींबद्दलची गॅझेटियरमधली वाक्यं मात्र जशीच्या तशी उचलू नका. ती त्या काळच्या साहेबी नजरेची आहेत आणि स्मरणिकेत छापली की भांडणं लागतात, तीही रास्त.

खंड काढताना जिल्हा चुकतो, हे नेहमीचं. कर्जत आणि पनवेल आज रायगडात आहेत, पण १८८२ च्या ठाण्याच्या खंडात सापडतात. बारामती जुन्या भीमथडी तालुक्याखाली मिळते. जळगाव-धुळ्याकडच्यांनी एकत्र 'खानदेश' पाहावा. मराठवाड्यातली गावं या मालिकेत नाहीत, कारण तो मुलूख निजामाचा; विदर्भासाठी वऱ्हाड-मध्यप्रांताचे खंड वेगळे. नावांचाही घोळ असतो. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातही. खेड पुण्यातही आहे, रत्नागिरीतही. सुपे बारामतीकडचं वेगळं, पारनेरकडचं वेगळं. गावाच्या नावाबरोबर तालुका आणि जवळची नदी टिपून ठेवलीत की दुसऱ्याच कर्जतचा इतिहास आपल्या लेखात शिरत नाही.

गॅझेटियरच्या मागचा कच्चा माल म्हणजे जमाबंदीचे अहवाल. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापुरापासून सुरू केलेली पाहणी पुढं तालुक्या-तालुक्यांत गेली आणि साधारण तीस वर्षांनी फेरपाहणी झाली. सारा ठरवताना गावांचे गट पाडले जात, आणि त्यात पावसाबरोबरच बाजार किती जवळ आहे आणि तिथवर रस्ता कसा आहे हेही धरलं जाई. म्हणजे तुमच्या बाजारगावाचा दबदबा किती दूरवर होता हे सरकारने साऱ्याच्या दरात लिहून ठेवलेलं आहे. पहिली पाहणी आणि फेरपाहणी शेजारी ठेवा. मधल्या तीस वर्षांत रेल्वे आली असेल तर फेरपाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिचा दाखला देऊन दर वाढवण्याची शिफारस केलेली बऱ्याचदा आढळते.

यातले छापील खंड फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीत, म्हणजे टाउन हॉलच्या इमारतीत, पाहायला मिळतात. मराठी पुस्तकं आणि जुने अंक यांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याकडच्यांना ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. गॅझेटियर शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावरही आहेत. तिथून काम भागत असेल तर फोर्टात चकरा मारू नका.

हस्तलिखित दप्तर हवं असेल तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज लागतो. 'अमुक गावाची माहिती द्या' अशी मागणी केली तर हात हलवत परत याल. तिथं दप्तर गावाच्या नावाने लावलेलं नसून खातं, वर्ष, खंड आणि फाइल अशा क्रमाने लावलेलं आहे. म्हणून आधी गॅझेटियरमधून वर्षं काढा: पूल कधी झाला, कचेरी कधी हलली, बाजाराची जागा कधी बदलली. मग त्या वर्षाची महसूल किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याची सूची मागवा. लिहायला पेन्सिल न्या आणि फोटोची परवानगी आधीच विचारा. १८१८ पूर्वीचं, पेशवाईतलं, बहुतांश पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे आणि ते मोडीत आहे; वाचणारा जाणकार बरोबर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

जुन्या कागदात गावाआधी 'कसबे' लिहिलंय की 'मौजे', हे बघायला विसरू नका. कसबे म्हणजे परगण्याचं पेठ असलेलं मुख्य गाव. तिथं शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार असत, त्यांचे हक्क मालावर बांधलेले असत. मौजे म्हणजे साधं खेडं. आज मोठं असलेलं बाजारगाव जुन्या कागदात मौजे निघालं, तर ते रेल्वेनं, कालव्यानं किंवा कचेरीनं मोठं केलं असा अंदाज बांधायला जागा आहे.

वाहतूक बदलली की बाजारगावाचं नशीब कसं फिरतं हे पाहायला पनवेल चांगलं उदाहरण आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरचा माल पनवेलच्या बंदरातून मुंबईला जाऊ लागला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली आणि तो माल पनवेलला वळसा घालून थेट बोरीबंदरकडे निघाला. खामगावचं उलटं झालं: १८७० मध्ये जलंबहून खास फाटा टाकला गेला तो तिथल्या कापसासाठी. आपल्या गावासाठी असं एक वर्ष सापडतंच. रेल्वे नसेल तर पूल, धरणाचा कालवा, साखर कारखाना किंवा बाह्यवळण रस्ता. त्या वर्षाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वर्षं नीट लिहिली तरी लेख उभा राहतो.

मुंबईतली आणखी एक खाण म्हणजे खुद्द मंडळाची पेटी. गिरणगावात गावोगावचे गाळे, म्हणजे एका गावच्या कामगारांच्या राहायच्या सामायिक खोल्या, होते; त्यांच्या भाड्याच्या आणि जेवणाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, जत्रेला पाठवलेल्या रकमा, सभेचे वृत्तांत. कोण कुठल्या गिरणीत होता, महिन्याला किती मनीऑर्डर जायची, हे त्यात निघतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढं कितीतरी माणसं गावाकडे परतली. त्यातल्या काहींनी शेत न धरता बाजारगावात टपरी, रिक्षा, पिठाची गिरणी टाकली. पेठेतल्या १९८३-८५ च्या सुमाराच्या दुकानांचे मालक पूर्वी काय करत, हे विचारलंत तर मुंबई आणि बाजारगाव यांची गाठ कुठं बसली ते कळेल. तशीच चौकशी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात करा. मुंबईचा भाजीपाला आणि फळांचा घाऊक बाजार १९९६ मध्ये तिथं गेला. त्याआधी तुमच्या गावचा माल भायखळ्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला कुणाच्या गाळ्यावर उतरायचा हे सांगणारे जुने माथाडी अजून भेटतात.

आकडे, मापं आणि सनं

इथं बहुतेकांचं घोडं पेंड खातं. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया १६ आण्यांचा, आणा ४ पैशांचा. ३ रुपये ८ आणे म्हणजे साडेतीन रुपये, ३.०८ नव्हे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलो. सरकारी बंगाली मण सव्वासदतीस किलोंच्या किंचित वर. कागदात नुसतं 'मण' असेल तर तिप्पट चूक होऊ शकते. धान्य तर वजनावर नव्हे, मापावर चालायचं. चार शेरांची पायली बहुतेक ठिकाणी जुळते, पण मण कुठं बारा पायल्यांचा, कुठं सोळा. पायलीभर बाजरी आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा यांचं वजन एक नसतं, हे लेखकाच्या लक्षात न आल्यामुळे कित्येक स्मरणिकांत उत्पादनाचे अचाट आकडे छापले गेले आहेत. किलोत बदलायचा हव्यास सोडा. मूळ माप लिहा आणि कंसात 'स्थानिक माप' म्हणा.

सनांचं गणित सोपं आहे, फक्त महिना पाहावा लागतो. शके असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. गुजराती-मारवाडी दुकानांच्या चोपड्या दिवाळीच्या पाडव्याला उघडतात आणि त्यावर विक्रम संवत असतो: दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, पुढं ५६ वजा. म्हणजे संवत २००४ ची चोपडी नोव्हेंबर १९४७ मध्ये उघडलेली. महसुली कागदावर फसली सन असेल तर तो मृगाच्या सुमारास बदलतो. जूननंतर ५९०, जानेवारीनंतर ५९१ मिळवा.

गावातली दप्तरं

ग्रामपंचायतीत, किंवा आता नगरपंचायत झाली असेल तर तिथं, तीन गोष्टी मागा. पहिली, ठरावांची इतिवृत्तं. दुसरी, घरपट्टीच्या आकारणीची यादी म्हणजे नमुना ८. घराला कुड होता की वीट, कौल होतं की पत्रा, आणि दुकान कधी निघालं ते तिच्यात दिसतं. तिसरी, आणि सगळ्यांत मोलाची: आठवडी बाजाराच्या कराचा लिलाव. वसुलीचा ठेका दरवर्षी किती रकमेला गेला याची वीस-तीस वर्षांची रांग मिळाली तर बाजाराची चढउतार त्यात दिसते. एखाद्या वर्षी रक्कम एकदम पडलेली दिसली की लगेच 'बाजार मोडला' म्हणू नका. दुष्काळ, जनावरांच्या रोगामुळे बंद पडलेला गुरांचा बाजार किंवा ठेकेदारांनी संगनमत करून पाडलेली बोली, यांपैकी काहीही असू शकतं. पुढचं वर्ष बघितल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. नगरपंचायत होताना जुनी दप्तरं हलतात आणि गठ्ठे माळ्यावर जातात. शिपाई आणि जुना कारकून यांना ते कुठं आहेत हे साहेबांपेक्षा नक्की ठाऊक असतं.

तलाठ्याकडे फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६. पेठेलगतच्या गट नंबरांचे फेरफार क्रमाने वाचा. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या 'कृषकदिना'नंतर कुणाची जमीन कुणाच्या नावावर गेली, सावकाराकडे गहाण पडलेली कुठली सुटली, मार्केट यार्डाला कुठली गेली आणि नव्वदनंतर बिगरशेती होऊन प्लॉट कुठले पडले, ही गावाच्या वाढीची खरी वाट आहे. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकतपत्रिका आणि चौकशी नोंदवही भूमी अभिलेख कार्यालयात बघा.

बाजार समितीत आवकेचे तक्ते मिळतात. कायद्याचा क्रम डोक्यात ठेवा: नियंत्रित कापूस बाजार वऱ्हाडात कारंज्याला १८८६ मध्ये, मुंबई इलाख्यात कापसाचा कायदा १९२७, सर्व शेतमालाचा १९३९, महाराष्ट्राचा १९६३ चा. यार्ड उभं राहायच्या आधी सौदा व्यापाऱ्याच्या ओट्यावर व्हायचा आणि बऱ्याच ठिकाणी हत्ता पद्धतीने, रुमालाखाली बोटं दाबून. शेतकऱ्याला भाव शेवटी कळायचा. उघडा लिलाव कुठल्या वर्षी सुरू झाला हे जुन्या हमालांना विचारा.

एखादी जुनी हिशेबपट्टी हाती लागली तर ती ओळीओळीने वाचा. वर शेतकऱ्याचं नाव आणि गाव, मग माल, वजन, भाव, एकूण. खाली वजावट: हमाली, तोलाई, वाराई, अडत (म्हणजे अडत्याची दलाली), मोटारभाडं. आणि अगदी तळाशी, पुष्कळदा वेगळ्या शाईत, 'उचल वजा'. ही उचल म्हणजे पेरणीला किंवा लग्नाला अडत्याकडून आधीच घेतलेले पैसे. शेतकरी त्याच अडत्याकडे वर्षानुवर्षं माल का घालत होता याचं उत्तर भावाच्या ओळीत नसतं, या शेवटच्या ओळीत असतं. फळं-भाजीपाल्याची अडत जुलै २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा त्याच्या आधीची आणि नंतरची पट्टी एकाच मापाने मोजू नका. पट्ट्या छापताना नावं झाका. कुणाच्या आजोबांचं कर्ज स्मरणिकेत यायचं कारण नाही.

एस.टी.च्या स्थानकातून मुक्कामी गाड्यांची यादी घ्या. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली; तुमच्या डेपोची पहिली फेरी कुठली ते तिथले निवृत्त वाहक सांगतील. पण फेऱ्यांपेक्षा मुक्काम महत्त्वाचा. ज्या खेड्यात गाडी रात्री मुक्कामाला जायची तिथून पहाटे दूध, कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेले आणि दवाखान्याचे पेशंट गावात उतरायचे. सुरुवातीला आखलेल्या हद्दीवर ही खेडी वेगळ्या रंगाने टिपा. गाडी बंद झाली ते साल आणि त्या खेड्यात मोटारसायकली वाढल्या तो काळ ताडून बघा.

पेठेची फेरी

हे काम कागदांपेक्षा जास्त देतं आणि ते नेमकं कुणी करत नाही. दोघांनी एस.टी. स्टँडपासून निघायचं, एकाने डावी बाजू, एकाने उजवी. प्रत्येक दुकानाला एक ओळ: पाटीवरचं नाव, धंदा, इथं आधी काय होतं, जागा स्वतःची की भाड्याची, मालकाचं मूळ गाव, सुरू झाल्याचं साल. दीडशे-दोनशे दुकानांना दोन दिवस धरा. सकाळी दहाच्या आधी जाऊ नका, बोहनी झाल्याशिवाय कुणी बोलत नाही; आणि बाजाराच्या दिवशी गल्ल्यावरच्या माणसाला प्रश्न विचारू नका, त्या दिवशी फक्त बघा.

आठवडी बाजारात बघायचं ते असं. वेशीजवळ किंवा ओढ्याकाठी गुरांचा बाजार, तिथं बैल जास्त की शेळ्या-मेंढ्या. बैल कमी होऊन शेळ्या वाढल्या असतील तर ट्रॅक्टर कधी आले ते विचारा. मग धान्याची आळी, मिरची-मसाला, बोंबील-सुकट विकणाऱ्या बाया (त्या कुठून येतात हे विचारा, कोकणाची जुनी वाट सापडते), मडकी, केरसुण्या, विळे-खुरपी. लोहाराकडे आता गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायला कुणी येत नसेल, पण कोयते अजून खपत असतील. ऊसतोडीला जाणारी गावं कुठली ते त्यावरून कळतं. भाजी विकायला बसलेल्या बायका आपल्या रानातलं विकतात की यार्डातून घेऊन, हा प्रश्न चुकवू नका. जत्रेच्या काळातला बाजार वेगळा लिहा. मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिथं गुरं आणि घोंगड्या घ्यायला लांबलांबून माणसं येतात; अशा एका जत्रेचं गणित वर्षभराच्या बाजारापेक्षा निराळं असतं.

दुकानांची यादी झाली की ती सालांप्रमाणे लावा. शेती कशी बदलली ते दुकानं सांगतात. मोटार रिवायंडिंगची दुकानं आली म्हणजे विहिरींवर वीज आली. औषध-खताची दुकानं एकदम वाढली असतील तर त्या दहा वर्षांत नगदी पीक शिरलेलं असतं, ते कांदा, द्राक्ष की टोमॅटो हे क्रेट, खोकी किंवा गोण्या विकणाऱ्याला विचारा. पशुखाद्याचं दुकान म्हणजे दुधाचं संकलन केंद्र आणि संकरित गाय. ठिबकचं दुकान म्हणजे पाणी कमी पडू लागलं, किंवा अनुदान आलं, दोन्ही तपासा. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर मोबाइलचं दुकान असेल तर वर नजर टाका: कोरीव तुळई, सराफाची गादी असल्याची खूण, रंगाखाली बुजलेली जुनी पाटी. त्याचा फोटो घ्या, पुढच्या रंगकामात ती राहील याची खात्री नाही.

कुणाला विचारायचं आणि कसं

सरपंच, चेअरमन आणि प्राचार्य यांच्या मुलाखती सगळेच घेतात. तुम्ही तोलणार, हमाल, दस्तलेखक आणि स्टॅम्पविक्रेता, फोटो स्टुडिओवाला, सोसायटीचा जुना सचिव, गुरांच्या दवाखान्यातला ड्रेसर, खानावळ चालवलेली बाई यांच्याकडे जा. 'कुठल्या साली' असं विचारलं की माणूस अडखळतो. घटनेला टांगून विचारा: कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा हे दुकान होतं का? बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला कुठल्या कामावर होता? नोटबंदीच्या आठवड्यात (नोव्हेंबर २०१६) बाजार भरला का? एकच गोष्ट दोघांकडून, शक्यतो वेगवेगळ्या आळीतल्या, ऐकली तरच पक्की धरा. 'शिवकाळापासून बाजार भरतो' या वाक्याला पुरावा नसेल तर 'असं सांगतात' म्हणा, पुढं जा.

दोन विषय लोक टाळतात, ते टाळू नका. पहिला कर्जाचा. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे आणि चोपड्या काढून जाळल्या. दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. बाजाराचा दिवसच सापडला याचं कारण उघड आहे: त्या दिवशी चारी बाजूंची खेडी एकत्र असतात. तुमच्या गावात दंगा झाला नसला तरी रोखे कुठं लिहिले जात आणि ते कुठल्या पेढ्यांचे होते हे प्रश्न उरतातच.

दुसरा पाण्याचा. महाड हे बाजाराचं गाव होतं, आसपासच्या खेड्यांतून माणसं खरेदीला आणि कचेरीच्या कामाला यायची, आणि अस्पृश्य मानलेल्यांना चवदार तळ्याचं पाणी मिळत नसे. सी. के. बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला १९२३ चा ठराव आणि त्यानंतर नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा निर्णय दोन्ही कागदावर राहिले, म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने ते पाणी प्यायलं. तुमच्या पेठेत बाजाराला आलेला महार, मांग, चांभार माणूस कुठं पाणी प्यायचा, हॉटेलात त्याचा कप कुठं ठेवलेला असायचा, त्याला ओट्यावर बसायला मिळायचं का? सत्तरी-ऐंशीच्या माणसांना हे आठवतं. वस्तीत जाऊन विचारा, पेठेत विचारलंत तर 'आमच्याकडे असं काही नव्हतं' एवढंच ऐकू येईल.

लिहून काढताना

बाजाराच्या हद्दीचा नकाशा पहिल्या पानावर घ्या. मग गाव बदललं ते एक वर्ष आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा काळ. त्यानंतर पेठ, आळीआळीने. देऊळ, वतनं, घराणी यांना शेवटचा एक भाग द्या. स्मरणिकेत लेखाला आठ पानं मिळतील असं ठरलेलं असलं तरी शुभेच्छासंदेश दोन पानं खातात. सहा पानांचाच हिशेब धरा, म्हणजे अडीच-तीन हजार शब्द आणि सात-आठ फोटो. प्रत्येक फोटोखाली जागा आणि साल हवंच, नुसतं 'जुनी पेठ' नको.

छपाईआधी मजकुराची एक प्रत बाजारगावातल्या तिघांना वाचायला द्या: एक व्यापारी, एक शेतकरी, एक वस्तीतला. चुका प्रामुख्याने नावांत आणि सालांत निघतात. मुलाखतींच्या ध्वनिफिती आणि पेठेच्या फेरीची वही मंडळाच्या कपाटात ठेवू नका, कार्यकारिणी बदलली की कपाट बदलतं. एक संच गावच्या वाचनालयात, एक तालुक्याच्या कॉलेजात इतिहासाच्या विभागाकडे आणि छापील अंकाच्या दोन प्रती दादरच्या ग्रंथसंग्रहालयात, पोचपावती घेऊन.